पंख्याची पाटी

माझ्या थोरल्या बहिणीला डॉक्टरांनी बोन स्कॅन करावयास सांगितला, आणि त्या निमित्ताने एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, न्यूक्लिअर मेडिसिन विभागाच्या दाराबाहेरील बाकावर, मला सबंध एक सकाळ बसून काढावी लागली. शिरेतून टोचलेले औषध हाडांत मुरावयास दोन-तीन तास जावे लागतात, तोपर्यंत रोग्याने भरपूर पाणी प्यावे व वरचेवर लघवीस जाऊन यावे, असा तेथील शिरस्ता आहे. कारण त्या किरणोत्सारी द्रव्याचा जो अंश हाडे धरून ठेवीत नाहीत तो मूत्रावाटे शरीराबाहेर पडतो, आणि तो जितका लवकर पडेल तितके चित्र स्वच्छ उमटते व रोग्याच्या मूत्राशयाला लागणारे किरणही तितकेच कमी होतात. अशा रोग्यांसाठी तेथे एक स्वतंत्र शौचालय राखून ठेवलेले होते. बहीण तिसऱ्यांदा तेथून परतली आणि तिच्या पाठोपाठ सफाईचे काम करणाऱ्या एक मावशी बादली व फडके घेऊन, उघड्या हातांनी, आत शिरल्या. दारावर पिवळ्या रंगाची, तीन काळ्या पात्यांचे चिन्ह असलेली पाटी होती व तिच्याखाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. त्या बाहेर आल्यावर मी विचारले, "मावशी, ही पाटी कसली हो?" त्यांनी वर पाहिले. "ही व्हय? पंख्याची पाटी. इकडच्या सगळ्या दारांना हाय," एवढे सांगून त्या बादली उचलून पुढल्या खोलीकडे वळल्या.

मावशींचे ते उत्तर मला अनेक दिवस सोडीना. त्यांनी जे पाहिले तेच सांगितले. तीन पाती आणि मध्ये वाटोळा ठिपका यांतून छताच्या पंख्यावाचून दुसरे काय सुचावे? किरणोत्साराची सूचना देणारे हे चिन्ह १९४६ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आखले गेले, तेथून ते जगभर गेले, आणि ज्याला त्याचा अर्थ कोणीतरी समजावून सांगितला आहे त्याच्याशीच ते आजवर बोलत आले आहे. ही उणीव आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्याही ध्यानी आली, आणि भारतासह अकरा देशांतील सामान्य माणसांपुढे निरनिराळी चित्रे ठेवून पाहिल्यावर २००७ साली तांबड्या पार्श्वभूमीवर लहरी, कवटी आणि पळणारा माणूस दाखविणारी एक नवी खूण मुक्रर करण्यात आली. ती मात्र मोठ्या, जीवघेण्या ठरू शकणाऱ्या किरणस्रोतांच्या यंत्रांसाठी आहे. इस्पितळातील शौचालयाच्या दारावर कवटी टांगणे सर्वस्वी गैर होईल, कारण पळून जावे असे तेथे काहीच नसते. तेथे गरज असते ती दोन हातमोज्यांची आणि त्यांचे कारण कोणीतरी आपुलकीने सांगण्याची.

या शास्त्राविषयी मला नितांत आदर आहे, आणि कोणी भिऊन तपासणी टाळावी असे एक अक्षरही मला लिहावयाचे नाही. परळ येथे १९६३ साली भाभा अणुसंशोधन केंद्राच्या छत्राखाली किरणवैद्यकाचे केंद्र स्थापन झाले, २००२ साली देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पेट स्कॅनही तेथेच आले, आणि या विद्येने रोगनिदानास जी दृष्टी दिली तिचे ऋण लाखो कुटुंबांवर आहे. हाडांच्या एका तपासणीत रोग्याला चारएक मिलिसीव्हर्ट किरणमात्रा मिळते. माती, खडक, हवा व आकाश यांतून जगातील सरासरी माणसाला दर वर्षी आपोआप २.४ मिलिसीव्हर्ट मिळत असतेच.

माझी उत्सुकता पाहून विभागातील तरुण तंत्रज्ञाने मला हॉट लॅबच्या खिडकीशी उभे राहू दिले, आणि पुढील दहा मिनिटांत जे पाहिले त्यात शिस्तीचे एक प्रकारचे सौंदर्य होते. कोपऱ्यात शिशाच्या भिंतीआड जनरेटर होता, ज्याला या व्यवसायातील लोक 'गाय' म्हणतात. त्यात ६६ तासांचे अर्धायुष्य असलेले मॉलिब्डेनम सतत टेक्नेशियम निर्माण करीत असते व रोज सकाळी सलाईन सोडून ते दोहून घेतले जाते. तंत्रज्ञ शिशाच्या काचेआड बसला, कुपी चिमट्याने उचलली, टंगस्टनचे कवच चढविलेल्या पिचकारीत औषध ओढले, मापकयंत्रात ते मोजले, आणि नोंदवहीत आकडा लिहिण्यापूर्वी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मिनिटांसह वेळ लिहिली. वेळेवाचून तो आकडा निरर्थक आहे, कारण या टेक्नेशियमचे अर्धायुष्य ६ तासांचे: सकाळी नऊला २० मिलिक्युरी असलेले द्रव्य दुपारी तीनला १० मिलिक्युरीच उरते. कचऱ्याच्या पिशवीवरही अशीच तारीख व वेळ होती. दहा अर्धायुष्ये, म्हणजे अवघे ६० तास, ती शिशाच्या पेटीत ठेवली की मूळच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी किरणोत्सर्ग उरतो, आणि मग यंत्राने रुजवात घेऊन ती साध्या कचऱ्यासारखी हाताळता येते. थायरॉइडसाठी वापरल्या जाणाऱ्या आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवसांचे असल्याने त्याला हाच संयम ८० दिवस पाळावा लागतो. जेथे बसून वाट पाहणे हाच बंदोबस्त आहे, तेथे पिशवीवरची ती ओळ खरी असणे हेच सर्वस्व होय.

त्याच खोलीत मला एक गोष्ट खटकली, आणि ती लिहिणे मी कर्तव्य समजतो. खुर्चीमागे खिळ्याला दोन टीएलडी बिल्ले लोंबत होते. हे बिल्ले छातीवर लावावयाचे असतात व तीन महिन्यांनी त्यांवरून त्या माणसाला लागलेल्या किरणांचा हिशेब होतो. पाच वर्षांत मिळून १०० व कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट ही आपल्याकडील कर्मचाऱ्यांची मर्यादा याच हिशेबावर तपासली जाते. खिळ्यावरचा बिल्ला भिंतीचा हिशेब सांगेल. दोष केवळ त्या तरुणांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते, कारण आकडा वाढला तर काम जाईल ही धास्ती बिल्ला खिळ्यावर नेते, आणि ती धास्ती घालविणे हे व्यवस्थापनाचे काम आहे. पेट स्कॅनच्या विभागात तर ज्ञानावाचून गत्यंतरच नाही. तेथील किरण इतके भेदक असतात की एक्स-रेच्या खोलीतला शिशाचा झगा त्यांच्यापुढे जवळजवळ निरुपयोगी ठरतो. औषध टोचलेला रोगी स्वतःच किरणांचा उगम झालेला असतो, आणि त्याच्याशी बोलावयाचे ते आधीच बोलून घेणे व नंतर एकाऐवजी दोन मीटरांवर उभे राहून मात्रा चौथाईवर आणणे, हेच तेथील खरे चिलखत.

आता मायापुरीचे स्मरण करतो. दिल्ली विद्यापीठात वर्षानुवर्षे वापराविना पडून राहिलेले, कोबाल्ट-६० असलेले एक यंत्र २०१० च्या फेब्रुवारीत भंगार म्हणून लिलावात गेले, मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले, आणि एप्रिलमध्ये तेथील माणसे आजारी पडू लागली. एक जण दगावला. ब्राझीलमधील गोयानिया शहरी १९८७ साली स्थलांतर केलेल्या एका चिकित्सालयाने सीझियमचे उपचारयंत्र मागे ठेवले, ते भंगारवाल्यांच्या हाती गेले, आणि अंधारात निळसर चमकणारी ती भुकटी लोकांनी कौतुकाने घरी नेली. चौघे मरण पावले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती, आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. हे दोन्ही पदार्थ दीर्घायुषी होते. सीझियमचे अर्धायुष्य ३० वर्षांचे आहे, आणि तपासणीच्या टेक्नेशियमशी त्यांची तुलना करणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु दोन्ही ठिकाणी जे घडले ते एकच: वस्तू जाणत्यांच्या हातून अजाणांच्या हाती गेली, आणि तिच्याविषयीचे ज्ञान मात्र जाणत्यांच्या दफ्तरातच राहिले. त्या तळघरातील दारापाशी, अगदी अल्प प्रमाणात, मी तेच पाहिले.

अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून मुंबईतच आहे, २००४ चे किरण-संरक्षण नियम आहेत, प्रत्येक विभागाला परवाना लागतो व किरण-सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. हा सारा डोलारा सुशिक्षित माणसापर्यंत येऊन थांबतो, कारण फरशी पुसणाऱ्या मावशी ठेकेदाराच्या पटावर असतात, ठेकेदार दर काही महिन्यांनी माणसे बदलतो, आणि त्यांची गणना बहुधा किरणोत्सर्गाशी संबंधित कर्मचाऱ्यांत होतच नाही. त्यांना होणारा अपाय फार अल्प असेल हे मी मान्य करतो. पण नियमांत गरोदर कर्मचारी स्त्रीने आपली अवस्था कळवावी व तेथून पुढे गर्भाला १ मिलिसीव्हर्टहून अधिक मात्रा लागू नये अशी तजवीज आहे. जिला ती पाटी पंख्याची वाटते ती स्त्री हे कोणाला व का कळविणार? माझे मागणे एवढेच आहे की, ज्या दिवशी नवी सफाई कामगार त्या दारातून प्रथम आत जाईल त्या दिवशी सुरक्षा अधिकाऱ्याने स्वतः तिच्याशी तिच्या भाषेत अर्धा तास बोलावे, त्याची नोंद तिच्या सहीने वा अंगठ्याने व्हावी, आणि तपासणीस येणाऱ्या निरीक्षकाने ती नोंदवही उघडण्याआधी त्या बाईलाच विचारावे.

त्या विभागाच्या प्रमुखांना मी पत्र लिहिले आहे, आणि दारासाठी मोठ्या अक्षरांतला एक मराठी कागद सोबत जोडला आहे. त्यावरचा मजकूर असा: "येथे तपासणीचे औषध टोचलेले रोगी येतात. त्या औषधाचा अंश भांड्यावर व फरशीवर असू शकतो. रबरी मोजे घातल्यावाचून सफाई करू नये. काही सांडलेले दिसल्यास पुसू नये. दार लावून तंत्रज्ञांना बोलवावे. दिवस गेलेल्या बाईने हे काम करू नये. तिने तसे सांगितल्यास तिचा रोजगार जाणार नाही." शेवटल्या वाक्याखाली मी जागा मोकळी सोडली आहे, तेथे इस्पितळाचा शिक्का हवा.