बाटली क्रमांक ५३-एन

३० ऑक्टोबर १९०२. ऐन दिवाळीत पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले. या एकोणिसांची लस एकाच बाटलीतली होती. क्रमांक ५३-एन, रवानगी परळच्या प्रयोगशाळेतून.

ठपका वाल्डेमार हाफकिन यांच्यावर आला. १८९६ साली मुंबईच्या मांडवीत प्लेग सापडला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेणारा हा माणूस. आज त्याच्याच नावाने परळची संस्था ओळखली जाते. चौकशी समितीने दोष प्रयोगशाळेच्या माथी मारला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले.

ते निर्दोष ठरले, ते चौकशीचे कागद उजेडात आल्यावर. मुलकोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता, ही साक्ष त्याच दप्तरात होती. १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मधून ती जगापुढे मांडली. परळचे पद मात्र हाफकिन यांना परत मिळाले नाही. ती साक्ष कोणी रद्दीत घातली असती तर? म्हणूनच आम्ही दप्तर सांभाळण्याला संशोधनाच्या बरोबरीचे काम मानतो, आणि यंदाचा अंक त्याला वाहिला आहे.

प्लेगच्या दप्तरात आपला कल्याणचा मुलूखही आहे. प्लेगच्या साली मुंबईहून सुटलेल्या गाड्यांतल्या उतारूंची कल्याणला तपासणी होई. सरकारी अहवालांत त्यांचे आकडे सापडतात. पण बायामाणसांना काय सोसावे लागले, ते अधिकाऱ्याच्या लेखणीतून फारसे उतरलेले नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात प्लेगच्या फायली आहेत. ब्रिटिश अमदानीतले कित्येक वैद्यकीय अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने इंटरनेटवर फुकट खुले केले आहेत. आंबिवलीच्या फलाटावर कसारा लोकलची वाट पाहतानाही ते मोबाइलवर वाचता येतात. आपल्या आजोळच्या साथीची हकीकत एडिंबरोने जपावी याबद्दल कृतज्ञता वाटते, तशी खंतही.

कारण आपल्याकडचे कागद अजून घराघरांत आहेत. देवीची लस टोचल्याचे दाखले, क्षयाच्या औषधांची कार्डे, मोहन्याच्या एनआरसी कारखान्यात उमेदीची वर्षे घालवलेल्यांचे जुने केसपेपर. दिवाळीची साफसफाई करताना यांतले काही हाती लागले असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी आम्हाला दाखवा. घरच्यांच्या परवानगीने प्रत काढून घेऊ, मूळ कागद परत करू, आणि नाव झाका म्हणालात तर झाकू.