विश्लेषण : नव्या फोनची ‘पहिली झलक’ किती भरवशाची?

नवा फोन जाहीर झाला, की त्याच संध्याकाळी ‘पहिली झलक’, ‘प्रथमदर्शनी कसा वाटला?’ अशा मथळ्यांचे लेख आणि व्हिडीओ मोबाइलवर येऊन धडकतात. दिवाळीच्या सेलच्या तोंडावर तर त्यांचा पूरच येतो. त्यावर विसंबून २५-३० हजारांचा फोन हप्त्यांवर घेणारे अनेक जण आहेत. हप्ते वर्ष-दीड वर्षात फिटतात. फोन मात्र निदान तीन-चार वर्षे चालावा, अशी अपेक्षा असते. अशा वेळी या झलकेतून नेमके काय कळते?

ही झलक तयार कशी होते?

एक तर कंपनीच्या कार्यक्रमात टेबलावर मांडलेले फोन पत्रकारांना काही मिनिटे हाताळायला मिळतात. किंवा काही दिवस आधी फोन घरपोच येतो, मात्र ठरलेल्या वेळेआधी काहीही प्रसिद्ध करायचे नाही, या अटीवर. एकाच मिनिटाला डझनभर व्हिडीओ झळकतात ते यामुळेच. यात गैर काही नाही. पण तो फोन दुकानातून विकत आणलेला नसतो, कंपनीने दिलेला असतो, हे विसरू नये. २०१७ मध्ये ‘वनप्लस ५’च्या परीक्षणासाठी दिलेल्या फोनमध्ये वेग मोजणारी ॲप ओळखून प्रोसेसर पूर्ण क्षमतेने चालवण्याची सोय असल्याचे ‘एक्सडीए डेव्हलपर्स’ या संकेतस्थळाने दाखवून दिले होते. फोनची खरी क्षमता दिसावी म्हणून तसे केले, असे कंपनीचे म्हणणे होते.

नोट ७ मध्ये काय घडले?

सॅमसंगने २ ऑगस्ट २०१६ रोजी ‘गॅलेक्सी नोट ७’ जाहीर केला. कडेला वळलेला पडदा, डोळ्यांच्या बुबुळावरून उघडणारे कुलूप, पाण्यात टिकण्याची क्षमता यांचे भरभरून कौतुक झाले. १९ ऑगस्टला अमेरिका, दक्षिण कोरिया अशा देशांत विक्री सुरू झाली आणि बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. २ सप्टेंबरला कंपनीने सुमारे २५ लाख फोन परत मागवले. बदलून दिलेले फोनही पेटले. एका फोनमधून धूर निघाल्याने अमेरिकेत उड्डाणाआधीच विमान रिकामे करावे लागले. ११ ऑक्टोबरला उत्पादन कायमचे थांबले. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारण सांगितले : दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांमध्ये दोन वेगवेगळे दोष होते. भारतात तर विक्री सुरू होण्याआधीच गुंडाळली गेली.

कौतुक करणाऱ्यांनी खोटे लिहिले होते का? नाही. त्यांच्या हातातला फोन खरेच चांगला होता. हजारोंतून एखाद्या फोनमध्ये उफाळणारा दोष एका फोनवरून आठवडाभरात दिसणे जवळपास अशक्य असते.

मग ही झलक निरुपयोगी?

तसेही नाही. एप्रिल २०१९ मध्ये सॅमसंगच्याच पहिल्या घडीच्या फोनचे, ‘गॅलेक्सी फोल्ड’चे पडदे परीक्षकांच्या हातात दोन-तीन दिवसांत निकामी झाले. काहींनी वरचा थर साधी प्लास्टिकची फिल्म समजून सोलला होता, पण तो न सोलणाऱ्यांचेही पडदे गेले. २६ एप्रिलची विक्री कंपनीला पुढे ढकलावी लागली. दुरुस्त्या होऊन फोन सप्टेंबरमध्ये बाजारात आला. सुमारे दोन हजार डॉलर मोजायला निघालेले ग्राहक वाचले ते या झलकेमुळेच.

वजन, पकड, उन्हात पडदा दिसतो का, नको असलेली किती ॲप आधीच भरून दिली आहेत, हे पहिल्या दिवशी कळते आणि ते वाचावे. कॅमेऱ्याबाबत थोडे सबुरीने घ्यावे, कारण पहिल्या काही अपडेटनंतर फोटो बदलतात.

काय कळत नाही?

लिथियम-आयन बॅटरी प्रत्येक चार्जिंगसोबत थोडी झिजते. बॅटरी जुनी झालेले आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग कमी केला जातो, असे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले आणि ओरड झाल्यावर अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ वरून २९ डॉलरवर आणला. दुसरी बाब सुरक्षा अपडेटची. गुगलने ‘पिक्सेल ८’पासून आणि सॅमसंगने ‘एस २४’पासून सात वर्षांचे आश्वासन दिले. स्वस्त फोनना अनेकदा याच्या निम्मी वर्षेही मिळत नाहीत. यूपीआय आणि बँकेची ॲप ज्या फोनवर आहेत, त्याच्यासाठी ही गोष्ट कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा मोठी आहे.

यावर नियम आहेत का?

युरोपीय महासंघात २० जून २०२५ पासून आहेत. ८०० वेळा पूर्ण चार्ज केल्यावरही बॅटरीची किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे आणि मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेट दिले पाहिजेत. फोन पडल्यावर किती टिकतो, दुरुस्तीला किती सोपा आहे, याची श्रेणीही लेबलवर छापावी लागते. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्ती निर्देशांकासाठी समिती नेमली. तिचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. दुकानात, ऑनलाइन विक्रीच्या पानावर आणि खोक्यावरील क्यूआर कोडमध्ये हा निर्देशांक दिसावा, अशी तिची शिफारस आहे.

तोवर घाई नसेल तर महिना-दीड महिना थांबून, पैसे मोजून फोन घेतलेल्यांचे अनुभव वाचावेत. अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे आणि बॅटरी, पडदा बदलण्याचा खर्च सेवा केंद्रात खरेदीआधीच विचारावा. झलकेच्या व्हिडीओत हा आकडा सहसा नसतो.