थकवा अंगाचा की मनाचा?

दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो. पूर्वी तो मोठ्या शहरांपुरता असायचा. आता आपल्यासारख्या तालुक्याच्या गावांतही त्याचे फलक लागतात, कॉलेजात व्याख्यानं होतात, मोबाइलवर सुविचार फिरतात. सगळ्यांचा सूर साधारण एकच. आनंदी राहा, चांगले विचार करा आणि स्वतःसाठी वेळ काढा.

यातलं शेवटचं वाक्य मला नेहमी अडतं. स्वतःसाठी वेळ काढा हे खरंच आहे हो, पण काढायचा कुठून? सकाळी पाणी भरण्यातून, डब्यांतून, की रात्रीच्या भांड्यांतून?

हा प्रश्न गमतीचा नाही, कारण त्याचं उत्तर आता सरकारी आकड्यांतच मिळतं. माणसं दिवसाचे चोवीस तास कशी घालवतात, याची देशभर पाहणी २०२४ मध्ये झाली आणि तिचे आकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, म्हणजे जवळजवळ पावणेपाच तास. असं काम करणाऱ्या पुरुषाची मिनिटं आहेत ८८. घरातल्यांची सेवा-शुश्रूषा, मुलांचं, म्हाताऱ्यांचं बघणं वेगळं मोजलंय. १५ ते ५९ या वयात त्याला बायकांची १४० मिनिटं लागतात आणि पुरुषांची ७४.

याआधीची पाहणी २०१९ ची होती. तेव्हा बाईची घरकामाची मिनिटं २९९ होती आणि पुरुषाची ९७. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटं कमी झाली. बरं वाटलं ना? पण पुरुषांचीही नऊ मिनिटं कमीच झाली! आपलं काम हलकं झालंच असेल तर ते गॅसने, नळाने, मिक्सरने केलं असेल. शेजारी बसलेल्या माणसाने ते उचललं, असं काही या आकड्यांवरून दिसत नाही.

आणि हा झाला फक्त हाताने होणाऱ्या कामाचा हिशेब. सिलिंडर कधी संपेल, सासऱ्यांची बीपीची गोळी आणली का, मुलीची फी कधी भरायची, नणंदेच्या घरच्या कार्याला आहेर काय न्यायचा, हे सगळं डोक्यात अखंड चालू असतं. पोळी लाटतानाही चालू असतं आणि आडवं पडल्यावरही. ते कुठल्या रकान्यात मांडणार? दुपारी तासभर पडलेल्या बाईला कुणी म्हणतं, 'झोपलीच होतीस की!' अंग आडवं होतं, पण डोकं उभंच होतं, हे तिला सांगता येत नाही.

मग ते शरीरातून बोलायला लागतं. डोकं दुखतं, पाठ भरून येते, छातीत धडधडतं, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. आपल्याकडची बाई डॉक्टरांना 'मला उदास वाटतंय' असं सहसा म्हणत नाही. ती म्हणते, 'अंगात काही राहिलं नाही, एखादी सलाइन लावा.' सलाइन लागते, टॉनिक मिळतं, दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ या. सगळंच मनाचं नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असेल किंवा थायरॉइड बिघडलं असेल, तरी थकवा येतो, चिडचिड होते, कशात लक्ष लागत नाही. म्हणून पहिली पायरी रक्त तपासून घेण्याची. पण तपासण्या ठीक आल्यावर 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं सांगून जेव्हा परत पाठवतात, तेव्हा मात्र थांबून विचारायला हवं की, काही झालेलं नाही तर मग हे होतंय काय?

दुःख सगळ्यांनाच होतं आणि ते आजार नसतं. माहेरचं माणूस गेलं, मुलाला नोकरी लागेना, नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं, तर रडू येणारच. पण दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा होत असतील, झोप आणि भूक बिघडली असेल, 'मी कुणाच्याच कामाची नाही' असं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. मधुमेहाला जसा कुणी आळस म्हणत नाही, तसा यालाही म्हणायचा नाही. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मोठी पाहणी केली. आपलं राज्य त्यात नव्हतं, पण आपल्याकडचं चित्र फार निराळं असेल असं मला वाटत नाही. साधारण दर दहा प्रौढांमागे एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि नैराश्य असलेल्या शंभरातल्या पंच्याऐंशी जणांना उपचारच मिळत नव्हते. डॉक्टर नसणं हे एक कारण झालं. पण लोक काय म्हणतील, सोयरिकी मोडतील, 'वेड्यांच्या डॉक्टरकडे' कोण जाणार, ही कारणंही तितकीच जड आहेत.

या न बोलण्याची किंमत किती आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२१ आणि २०२२ च्या अहवालांत, देशात आत्महत्या केलेल्या स्त्रियांमध्ये निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या. प्रत्येकीचं कारण वेगळं आणि बहुधा एकापेक्षा जास्त असणार. पण शेतकऱ्याच्या आत्महत्येवर जशी विधानसभेत चर्चा होते, तशी या घरातल्या बाईवर झालेली मी फारशी ऐकलेली नाही. तिची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते आणि खाली 'घरगुती कारणावरून' असं लिहून विषय संपतो.

आता बदललेलं काय, तेही सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि मे २०१८ पासून लागू आहे. सरकारी यंत्रणेकडून मानसिक उपचार मिळणं हा त्याने आपला हक्क ठरवला. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला इतर आजारांसारखंच धरायला हवं, असंही तो सांगतो. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरावं आणि तिची काळजी घ्यावी, असं त्यात म्हटलंय. पूर्वी या प्रयत्नासाठी शिक्षा सांगणारं ३०९ कलम होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम राहिलेलं नाही. पोलिसांच्या धाकाने घरचे लोक अशी गोष्ट डॉक्टरांपासूनही लपवतात, म्हणून हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

दुसरी गोष्ट टेलिमानस. १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारने ही फोनसेवा सुरू केली. नंबर आहे १४४१६. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. ज्या गावात दवाखान्याच्या पायरीवर चढताना चार ओळखीचे भेटतात, तिथे फोन ही मोठीच सोय आहे. फक्त आपल्यातल्या कितीजणींचा मोबाइल स्वतःचा आहे आणि तो घेऊन कितीजणींना एकटीने अर्धा तास बसता येतं, हा प्रश्न उरतोच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आशादायक वाटते, आणि ती आपल्या शेजारच्या गोव्यातली आहे. तिथल्या 'संगत' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. नैराश्याने बऱ्यापैकी ग्रासलेल्या लोकांशी बोलायला त्यांनी डॉक्टर नेमले नाहीत. गावातल्याच, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना शिकवून तयार केलं. सहा ते आठ भेटी, कधी केंद्रात तर कधी घरी. रुग्णांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. तीन महिन्यांनी पाहिलं तर या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक आजारातून सावरले होते. ज्यांना फक्त नेहमीचीच सेवा थोडी सुधारून मिळाली होती, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत सुरू झालेला 'आत्मीयता' हा प्रकल्पही याच वाटेवरचा. तिथेही गावातलीच माणसं गावातल्यांना आधार देतात.

या भेटींत करतात काय? मन बरं झालं की मग काहीतरी करू, असं आपण म्हणतो. इथे उलटं असतं. आधी एक छोटी गोष्ट करायची, मन मागून येतं. सुटलेलं भजनी मंडळ पुन्हा धरायचं, मैत्रिणीकडे जाऊन यायचं, कुंडीत चार रोपं लावायची. आणि ज्या अडचणीने जीव खाल्लाय, तिचे तुकडे पाडून एकेक सोडवायचा. यात जादू काही नाही. पण विचारणारं कुणीतरी दर आठवड्याला येतं, त्याला किंमत आहे.

आपल्याकडे भिशी आहे, बचत गट आहे, हळदीकुंकू आहे. तिथे आपण साड्या बोलतो, सुना बोलतो, फक्त मन बोलत नाही. कुणी बोललीच तर लगेच म्हणतो, 'अगं, माझं बघ, तुझं तर काहीच नाही!' धीर देण्यासाठीच म्हणतो, पण समोरची गप्प होते. त्याऐवजी 'मग? पुढे काय झालं?' एवढंच विचारावं. ऐकलेलं तिथेच ठेवावं, जावेच्या कानावर घालू नये. आणि 'जगावंसं वाटत नाही' असं कुणी म्हणाली तर ते नाटक समजू नये. तिला एकटं सोडू नये, तिच्यासमोरच १४४१६ लावावा किंवा तिला जिल्हा रुग्णालयात न्यावं.

औषधांचंही तसंच. नैराश्यावरच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत, आणि त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरं वाटलं म्हणून, डॉक्टरांना न विचारता त्या बंद करू नयेत.

एक मात्र ठामपणे म्हणेन. जिथे बाई मार खाते, तिथे तिला 'मन शांत ठेव' सांगणं हा अन्याय आहे. तिथे आधी मार थांबायला हवा. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. तसंच जिथे प्रश्न २८९ मिनिटांचा आहे, तिथे नुसत्या प्राणायामाने भागणार नाही. प्राणायाम जरूर करा, पण तेवढा वेळ भांडी कोण घासणार, तेही घरात ठरवून घ्या. मनःस्वास्थ्य ही एकट्या बाईने पार पाडायची आणखी एक जबाबदारी झाली, तर तिच्या कामांच्या यादीत एका कामाची भरच पडली म्हणायची!

तेव्हा या आठवड्यात दोन गोष्टी करू या. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅसवाल्याच्या नंबरखाली १४४१६ लिहून ठेवू या. आणि जेवणं झाल्यावर घरात सगळ्यांसमोर विचारू या की, आपल्या घरातली ती ८८ मिनिटं नेमकी कोणती? उत्तर यायला वेळ लागेल. लागू दे. पण उत्तर येईपर्यंत आपण उठून भांडी घासायला जायचं नाही.