गॅस की इंडक्शन? आधी घरातलं वीजबिल काढा

शेगडी कोणती घ्यावी हा काय संपादकीयाचा विषय झाला, असं काही वाचकांना वाटेल. पण पनवेलमध्ये नोकरीसाठी खोली करून राहणारा तरुण असो की मोहल्ल्यातलं सात माणसांचं घर, दोघांचाही पैसा, आरोग्य आणि सुरक्षितता या प्रश्नात अडकलेली आहे. दुकानदार म्हणतो इंडक्शन स्वस्त, शेजारी म्हणतात गॅसच बरा. मी पेशानं सॉफ्टवेअर अभियंता. मला वाटतं, कुणाच्या शब्दावर जाण्यापेक्षा हिशेब मांडावा.

घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. त्यातली उष्णता विजेच्या भाषेत मोजली तर साधारण 180 युनिट. ही सगळी भांड्याला लागत नाही. आपल्या मानकानुसार गॅस शेगडीची कार्यक्षमता किमान 68 टक्के असावी लागते. रोजच्या वापरात, बर्नर काजळलेला असेल, ज्योत भांड्याबाहेर जात असेल, तर ती 60 टक्क्यांवर येते. इंडक्शनची साधारण 85 टक्के असते. म्हणजे एका सिलिंडरचं काम करायला इंडक्शनला 125 ते 145 युनिट लागतील. एप्रिल 2025 मधल्या दरवाढीनंतर मुंबई परिसरात सिलिंडर 850 रुपयांच्या आसपास गेला. तो भाव धरला तर वीज युनिटमागे सहा ते पावणेसात रुपयांना मिळाली तरच दोन्ही सारखे पडतात.

खरी गोम इथून पुढे आहे. महावितरणचा दर टप्प्यांनी वाढतो. 2025 च्या दरांनुसार पहिल्या 100 युनिटांना सगळे आकार धरून सहा-सात रुपये पडतात. 101 ते 300 च्या टप्प्यात अकराच्या पुढे. ज्या घरात पंखे, फ्रिज आणि टीव्ही मिळून आधीच 150 युनिट जळतात, तिथे इंडक्शनचं प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यात मोजलं जाईल. 850 रुपयांच्या सिलिंडरचं काम मग चौदाशे-सोळाशे रुपयांना पडेल. याउलट एकट्या तरुणाचा वापर महिन्याला 40 युनिट असेल, तर त्याला इंडक्शन गॅसइतकंच पडतं आणि सिलिंडरच्या अनामत रकमेची भानगडही नाही. त्यामुळे दोघांना एकच सल्ला देता येत नाही. छतावर सौरऊर्जा बसवलेली असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. जिथे पाइप गॅस पोहोचला आहे तिथे त्याचा दरही मांडून पाहावा.

पर्यावरणाच्या नावानं इंडक्शन घेणाऱ्यांनीही थोडं थांबावं. आपली बहुतांश वीज अजून कोळशावर तयार होते. तेवढाच स्वयंपाक या विजेवर केला तर आज कर्बवायू गॅसपेक्षा जास्तच निघतो. इंडक्शनची खरी जमेची बाजू घराच्या आत आहे. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात तो साचतो. घरात दम्याचं लहान मूल असेल तर ही बाब पैशाच्या आधी धरावी. मे महिन्याच्या उकाड्यात ज्योतीसमोर उभं राहणाऱ्या बाईला इंडक्शनचा फरक पहिल्याच दिवशी कळतो. पण फोडणीचा आणि तळणाचा धूर दोन्हीकडे सारखाच. म्हणून एक्झॉस्ट पंखा हवाच.

आता भांडी. ज्याच्या बुडाला चुंबक चिकटत नाही ते इंडक्शनवर चालत नाही. ॲल्युमिनियमची पातेली, बिर्याणीची तांब्याची देगची, मातीची भांडी सगळी बाद. तांदळाची भाकरी तव्यावरून काढून थेट आचेवर फुगवायची सवय असेल तर ज्योत लागणारच. शिवाय पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. ऐन सहरीच्या वेळी ती गेली तर चहासुद्धा होणार नाही. दोन हजार वॉटचं इंडक्शन जवळजवळ नऊ अँपिअर ओढतं. त्याला 16 अँपिअरचं सॉकेट आणि धड वायरिंग लागतं. जुन्या चाळीतल्या साध्या पिनेवर, एक्स्टेंशन बोर्ड लावून ते चालवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

भाड्याच्या खोलीतल्या मित्रांसाठी आणखी एक गोष्ट. घरमालक करारनामा देत नाही, पत्त्याचा पुरावा नाही, म्हणून अनेकजण मोठ्या सिलिंडरमधून बेकायदा भरलेली छोटी टाकी आणतात. नावाजलेल्या वस्तीत खोली नाकारली गेली की मिळेल तिथे, मिळेल त्या अटींवर राहावं लागतं. त्याची किंमत अशी जिवावर येते. तेल कंपन्यांचा 5 किलोचा सिलिंडर केवळ ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. तो महाग पडतो, पण त्याला सील असतं आणि वजन खरं असतं. खोलीत वायरिंग नीट असेल तर त्याच्या जोडीला साधं इंडक्शन पुरतं.

कुटुंबाच्या घरासाठी माझं मत असं: गॅस मोडू नका, जोडीला इंडक्शन ठेवायचं का ते बिल पाहून ठरवा. चहा, दूध, अंडी, पाणी उकळणं त्यावर. भाकरी आणि मोठा स्वयंपाक गॅसवर. आणि निर्णय घेताना जी रोज तिथे उभी असते तिला आधी विचारा. आपल्याकडे फ्रिज-टीव्ही पुरुष निवडतात आणि शेगडीही तेच निवडून आणतात. चटके मात्र अम्मीला आणि बहिणीला.

मोहल्ल्यातल्या तरुण मंडळांनी एक रविवार काढावा. घरोघरी जाऊन गॅसच्या नळीवरची तारीख पाहावी. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. सॉकेट तपासावं. गळतीसाठीचा 1906 हा क्रमांक शेगडीशेजारी भिंतीवर लिहून द्यावा. समाजकार्य म्हणजे सभा आणि निवेदनंच, असं थोडंच आहे?