जर्मनीचं गणित, परभणीचा कॉम्प्युटर

'जगात जर्मनी आणि भारतात परभणी' ही म्हण आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. का म्हणतात, ते मात्र प्रत्येक जण वेगवेगळं सांगतो. तीन वर्षांपूर्वी ही म्हण माझ्या शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये खरी झाली आणि मला चांगलंच तोंडघशी पाडून गेली. म्हणून आज लिहायला बसले.

आधी ती खोली सांगते. जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवते. वरच्या मजल्यावर दहा कॉम्प्युटर. प्रत्येकावर फुलाफुलांचं कव्हर, मुलींनीच शिवणाच्या तासाला शिवलेलं, कडेला लेससुद्धा! खोलीला कुलूप आणि किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. तपासणी आली की कव्हरं निघायची, उदबत्ती लागायची. साहेब गेले की पुन्हा झाकपाक. मुलांना का बसू देत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "मॅडम, पोरं बिघडवून ठेवतेत."

त्या दिवाळीत बहिणीचा मुलगा पुण्याहून आला होता. मी त्याच्यापाशी हे गाऱ्हाणं गायले, तर म्हणाला, "मावशी, नुसतेच पडून आहेत ना? मग लाव की त्यांना कामाला." आणि त्याने मला सांगितलं ते असं.

मैत्रिणींनो, पापडांचं उदाहरण घ्या. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी लिज्जत पापड सुरू केलं. तिथे पीठ एका जागी भिजतं, बायका आपापल्या वाट्याचं पीठ घरी नेतात, लाटतात आणि पापड परत आणून देतात. एकटीने लाटायला बसलं तर जन्म पुरायचा नाही, पण हजारो घरांत वाटलं की संध्याकाळपर्यंत डोंगर उभा राहतो. शास्त्रज्ञांनी हेच केलं. त्यांच्याकडे गणितांचा डोंगर असतो. त्याच्या लाट्या करून त्या इंटरनेटवरून जगभरच्या लोकांच्या कॉम्प्युटरला पाठवतात. तुमचा कॉम्प्युटर मोकळा असला की तो आपली लाटी लाटतो आणि उत्तर परत पाठवतो. एकच लाटी सहसा दोघांना देतात, दोन्ही उत्तरं जुळली तरच धरतात. सासूबाईंची नजर म्हणा ना! १९९९ साली परग्रहावरच्या कुणाचा संदेश येतो का, हे शोधण्यासाठी 'सेटी अ‍ॅट होम' निघालं, ते २०२० पर्यंत चाललं. कोरोनाच्या वर्षी लाखो लोकांनी घरचे कॉम्प्युटर त्या विषाणूच्या अभ्यासाला दिले होते.

मी निवडलं ते 'आइन्स्टाइन अ‍ॅट होम'. ते २००५ साली सुरू झालं आणि त्याचा कारभार चालतो जर्मनीतल्या हॅनोवरहून. झाली की नाही म्हण खरी?

पण खरी गंमत पुढेच आहे. आकाशात काही मेलेले, अतिशय घट्ट तारे गरगर फिरत असतात. एखाद्याच्या अंगावर जरासा उंचवटा असेल, भाकरीची एखादी कड जाडसर राहते तसा, तर त्यातून गुरुत्वाच्या बारीक लहरी सतत निघत राहतील, असं शास्त्र सांगतं. अमेरिकेतल्या 'लायगो' वेधशाळांच्या नोंदींमधून या लहरी शोधायच्या, हे या प्रकल्पाचं मोठं काम. दोन कृष्णविवरं आदळल्याची लहर लायगोने सप्टेंबर २०१५ मध्ये पकडली, पण ही बारीक, सलग लहर अजून कुणालाच सापडलेली नाही. आणि आता लायगोची भारतातली वेधशाळा कुठे होते आहे? आपल्या औंढा नागनाथला! केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. औंढा आज हिंगोलीत आहे, पण १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. सकाळच्या एसटीने निघावं, दर्शन घ्यावं आणि दुपारी घरी यावं, एवढ्या अंतरावरची गोष्ट.

मी हरखून हेडसरांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "लाइट बिल कोण भरणार?"

तेव्हा राग आला होता. घरी येऊन वहीवर हिशेब मांडला, तर सरांचंच बरोबर निघालं. जुना कॉम्प्युटर नुसता चालू ठेवला तरी साठेक वॅट खातो, असं भरभरून काम लागलं की शंभराच्या आसपास जातो. दहा कॉम्प्युटर रात्रभर, पंधरा तास चालले की पंधरा युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर रात्रीला दीडशे, महिन्याला साडेचार हजार! बिल थकलं म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. कितीतरी ठिकाणी गुरुजी पदरमोड करून बिल भरतात. त्या शाळेत ताऱ्यांसाठी रात्रभर वीज जाळणं मला पटत नाही. पण मुलं बसलेलीच आहेत, कॉम्प्युटर चालूच आहेत, अशा चार तासांत जादा खर्च येतो दीड-पावणेदोन युनिटचा. म्हणजे सोळा-सतरा रुपये.

न विचारता तर हे मुळीच करू नये. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या एका शाळा-मंडळाच्या तंत्रज्ञाने हजारो कॉम्प्युटरवर सेटीचं काम लावून ठेवलं होतं. २००९ साली त्याला राजीनामा द्यावा लागला आणि दहा लाख डॉलरहून जास्त नुकसान झाल्याचा दावा मंडळाने केला. हेतू चांगला असला तरी वस्तू दुसऱ्याची होती.

शेवटी सरांनी एका कॉम्प्युटरची परवानगी दिली, तीही शाळेच्या वेळेपुरती. माझ्या मोबाइलच्या नेटवर काम उतरवून घ्यायचं, मग नेट बंद. लाइट गेली की तो थांबायचा, आली की साधारण जिथे सोडलं होतं तिथून पुढे. हा गुण मात्र आमच्या परभणीसाठीच केल्यासारखा! एकेका लाटीला दोन आठवड्यांची मुदत असते. दोनदा आमची मुदत हुकली, एकदा परीक्षेमुळे आणि एकदा नेटमुळे. पडद्यावर तारांगणाचा गोल फिरत राहायचा. मी मुलींना सांगितलं, २०१० साली आयोवातल्या एका नवरा-बायकोच्या आणि जर्मनीतल्या एका गृहस्थांच्या कॉम्प्युटरने याच प्रकल्पातून एक नवा तारा शोधून दिला. त्या डोळे विस्फारून ऐकत होत्या.

तेव्हा नववीतली एक मुलगी उठली. "मॅडम, मग आम्हाला कधी बसू देणार? आमच्यापेक्षा ते जर्मनीवालेच जास्त वापरायलेत की."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी 'रिकामे कॉम्प्युटर, रिकामे कॉम्प्युटर' करत होते, पण ते रिकामे होतेच कुठे? अडवून ठेवलेले होते. कोठीत धान्य कुलपात आणि घरात पोर उपाशी असेल तर त्याला कुणी 'उरलेलं' म्हणत नाही. मुलांना घरी मोबाइल तरी मिळतो, मुलींच्या हाती तोही मोजून दहा मिनिटं, "आईला फोन लाव" म्हणण्यापुरता. तिला माऊस धरायला मिळेल अशी गावातली एकच जागा ती खोली, आणि मी तिथला एक कॉम्प्युटर हॅनोवरला देऊन शाबासकीची वाट पाहत होते.

म्हणून माझं आजचं मत असं. शाळेने हे काम जरूर घ्यावं. औंढ्याला वेधशाळा उभी राहत असताना परभणीच्या मुलींना त्या लहरींचं गणित हाताळायला मिळावं, यासारखं दुसरं काही नाही. पण पहिला हक्क मुलांचा. प्रत्येक मुलीला आठवड्याचा एक तास मिळतो का, ते आधी पाहावं. ती टंकत असताना, चित्र काढत असताना मागे हे गणित चालू द्यावं, कॉम्प्युटरला ते जड जात नाही ना एवढं बघून. शाळा सुटली की मेन स्विच बंद. मे महिन्यात तर नावच नको, आपल्याकडे त्या उन्हात माणसाचंही डोकं चालत नाही.

आमच्याकडे आता सोमवार ते गुरुवार शेवटचे दोन तास खोली उघडी असते. तीन वर्षांत एक माऊस आणि दोन की-बोर्ड गेले, बाकी काही बिघडलं नाही. जर्मनीचं काम तीन कॉम्प्युटरवर चालतं.

तुमच्या गावच्या शाळेचं मला माहीत नाही. पण शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि एकूणात निम्म्या बायका असाव्या लागतात. तुमच्यापैकी कितीजणी त्या समितीत असतील, सहीला बोलावलं की जाऊन सही करून येत असतील. पुढच्या मीटिंगला सही करण्याआधी फक्त विचारा, कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते? आमच्याकडची आता त्याच नववीतल्या, म्हणजे आता बारावीला गेलेल्या मुलीच्या धाकट्या बहिणीकडे असते. तिने तिला लाल लोकरीचा गोंडा बांधलाय, हरवू नये म्हणून.