सावधान म्हटल्यावर

जांब समर्थच्या नारायण ठोसरांनी, म्हणजे पुढच्या समर्थ रामदासांनी, बोहल्यावर ‘सावधान’ ऐकले आणि ते पळाले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. २०२०च्या मार्चमध्ये करोनाने ‘सावधान’ म्हटले तेव्हा उलटे घडले. मुंबई-पुण्याला गेलेली माणसे जांबच्याच घनसावंगी तालुक्यात गावाकडे परतली. एसटी बंद, दवाखान्यांची शटरे खाली. ताप आला तर जायचे कुठे?

टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्चला, फोनवरून वा व्हिडिओवरून रुग्ण तपासण्याची नियमावली देशात प्रथमच जाहीर झाली. तोवर फोनवर औषध सांगणारा डॉक्टर धास्तावलेलाच असे. २०१८मध्ये रत्नागिरीच्या अशाच एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला होता. १३ एप्रिलला ‘ई-संजीवनी ओपीडी’ ही घरबसल्या सल्ल्याची सरकारी सेवा सुरू झाली. राज्याचे आरोग्यमंत्री तेव्हा घनसावंगीचेच आमदार राजेश टोपे. टीव्हीवर रोज आकडे सांगणारा माणूस आपल्या ओळखीचा, एवढाही तेव्हा आधार वाटायचा!

पण घरबसल्या डॉक्टर मिळण्यासाठी आधी घरात स्मार्टफोन हवा, त्याला रेंज हवी आणि दुखणे शब्दांत सांगता यायला हवे. ‘आंग मोडून आलं’ एवढ्यावर पडद्यापलीकडच्या तरुण डॉक्टरने काय समजायचे? पोट दाबून बघता येत नाही, छातीला नळी लावता येत नाही. म्हणून ई-संजीवनीची दुसरी पद्धत मला जास्त खरी वाटते. तीत रुग्ण उपकेंद्रात येतो, समुदाय आरोग्य अधिकारी त्याचा रक्तदाब आणि साखर मोजतात, मग मोठ्या डॉक्टरांना पडद्यावर बोलावतात. आजीचे बोलणे डॉक्टरला आणि डॉक्टरचे आजीला समजावणारे माणूस शेजारीच असते. फेब्रुवारी २०२३पर्यंत देशात या सेवेतून दहा कोटी सल्ले दिले गेले. त्यातले बहुतेक याच वाटेने.

साथीत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ऑक्सिमीटर घेऊन उंबरे झिजवले तेही अशाच माणसांनी, आशाताईंनी. कौतुक मात्र अॅपचे झाले. मानधनासाठी त्यांना रस्त्यावर उतरावे लागले, हे मला अजून खटकते.

दिवाळीला गावी याल. जांबच्या रामाचे दर्शन घ्याल. परतताना आपल्या गावच्या उपकेंद्रावर जरा डोकवा; दार उघडे असेल, तर त्या पडद्यासमोर कोण बसले आहे ते बघा, आणि फराळाचा डबा तिथेही द्या.