भरावातून येणारे पाणी नितळ की गढूळ?

पावसाळा सुरू झाला की शिरूर-दौंड पट्ट्यात दोन गोष्टी एकदम घडतात. पाझर तलाव भरू लागतात आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्या भरावावर माणसांची गर्दी होते. वडगाव रासाईच्या शिवाराला भीमेचा आधार आहे; नदीपासून दूर असलेल्या जिरायती गावांना मात्र हे मातीचे बांधच पाणी देतात. महाराष्ट्रातले असे असंख्य तलाव 1972 च्या दुष्काळी कामांतून उभे राहिले. म्हणजे त्यांनी आज पन्नाशी ओलांडली आहे. पन्नाशीनंतर माणसाने दरवर्षी रक्तदाब तपासावा, असे आम्ही डॉक्टर सांगतो. या बांधांची तपासणी कोण करते?

मातीचे धरण प्रामुख्याने दोन प्रकारे फुटते. पहिला प्रकार म्हणजे पाणी माथ्यावरून वाहणे. सांडव्यात गाळ, झुडपे किंवा कोणी मासे अडवायला लावलेली जाळी असेल, तर पाण्याला वाट मिळत नाही. ते भरावावरून उतरते आणि माती कापत जाते. दुसरा प्रकार अधिक फसवा. भरावातून थोडे पाणी झिरपणारच. पण ते मातीचे कण घेऊन बाहेर पडू लागले, की पायथ्याशी सुरू झालेली पोकळी आतल्या आत जलाशयाच्या दिशेने सरकते. बाहेरून बांध धडधाकट दिसतो. पोकळी पाण्यापर्यंत पोचली, की काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, सारे संपते.

पानशेत आठवावे. 12 जुलै 1961 रोजी ते फुटले तेव्हा काम पूर्ण झालेले नव्हते. पाणी सोडण्याच्या मोरीवरचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी बांध वाचला नाही. खडकवासलाही फुटले आणि पुण्यात पाणी शिरले. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले. भेंदवाडीतली वीसपेक्षा अधिक माणसे वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले आणि राज्यभर थट्टा झाली. बिळे भराव कमकुवत करतात, हे शास्त्राला धरून आहे. पण बीळ एका रात्रीत धरण फोडत नाही. मधल्या काळात पाहणे आणि दुरुस्त करणे हे माणसांचे काम असते.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली, हे चांगलेच झाले. मात्र तो कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना लांबी, साठा वगैरे अटींवर. त्याहून बुटके गावतलाव आणि पाझर तलाव त्याच्या बाहेर राहतात. बांध लहान असला तरी त्याच्या पायथ्याशी वस्ती असेल, तर धोका लहान राहत नाही. साथीच्या काळात आम्ही गाव किती मोठे हे पाहत नाही, विहिरीचे पाणी किती जण पितात ते पाहतो. इथेही मोजमाप तेच हवे: खाली किती घरे आहेत?

लक्षणे ओळखायला अभियंता असण्याची गरज नाही. कोरड्या बाजूच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवावे. तळाशी माती बसली, तर धोका आहे. नितळ पाणीसुद्धा आठवड्यागणिक वाढते का, हे बादली भरायला लागणाऱ्या वेळेवरून कळते. मात्र तलावाची पातळीही सोबत लिहावी. माथ्यावरच्या लांब भेगा, खचलेला भाग, फुगलेला पायथा, भरावावर वाढलेली मोठी झाडे आणि बिळे यांचीही नोंद ठेवावी. गळतीच्या तोंडावर बाहेरून माती किंवा सिमेंट लिंपू नये. त्याने आतला दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून वाट काढते. पाणी गढूळ होऊन वाढू लागले, तर आधी खालची वस्ती हलवावी. तहसील कार्यालयाला आणि 112 ला फोन त्याच वेळी करावा.

सहलीला जाणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण बुडाले. तिथे धरण फुटले नव्हते; प्रवाह अचानक वाढला होता. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाला पाडते. सांडव्यात उतरू नये, शेवाळलेल्या दगडांवर उभे राहू नये आणि ओल्या भरावावर गाड्या चढवू नयेत.

प्रत्येक गावतलावासाठी ग्रामपंचायतीत एक वही असावी. जूनपासून दर आठवड्याला एका ठरलेल्या माणसाने त्यात तारीख, पाण्याची पातळी, गळती आणि सही नोंदवावी. ती वही महिन्यातून एकदा तलावाची जबाबदारी असलेल्या खात्याच्या अभियंत्याने पाहून शेरा मारावा. रुग्णाच्या खाटेला लावलेल्या तापाच्या तक्त्याला फारसा खर्च येत नाही, पण रात्रपाळीच्या डॉक्टरला वेळेवर जागे करतो तोच. तिवऱ्यात लक्षणे गावाला दिसली होती. ती कोणाच्या तरी सहीखाली नोंदली गेली आणि उत्तर देणे भाग पडले, तर पुढचे गाव वाचेल.